टेस्ट चालू असताना टाकीत उतरू नये

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचायच्या भानगडीत पडू नये. हे घडलं रविवारी, भरदुपारी, डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये, सगळे दिवे चालू असताना.

आणि हे खरं आहे. ज्याच्यासोबत घडलं तो यज्ञेश माझा सख्खा मावसभाऊ, कोपरला राहतो. हसायचं त्यांनी खुशाल हसा. मी त्याचा चेहरा बघितलाय, तुम्ही नाही.

यज्ञेश पंप बनवणाऱ्या एका कंपनीत नवीनच इंजिनिअर म्हणून लागलेला. तिथले पंप अणुवीज केंद्रात जातात. अणुभट्टी बंद केली तरी आतून धगधगत असते, तिला पाणी लागतंच. लाइट गेली, मुख्य पंप बसले, की मग हा राखीव पंप धावून येतो. त्याने दिवसरात्र चालायचं, थांबायचं नाव काढायचं नाही. म्हणून कारखान्यातच त्याला आधी कित्येक दिवस सलग पळवून बघतात. मध्ये कोणी बंद केला की आधीचं सगळं फुकट... पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

शेडच्या जमिनीखाली मोठी टाकी आहे. पंप तिच्यातलं पाणी ओढतो आणि परत तिच्यातच सोडतो. वर झाकणाएवढं तोंड, एका वेळी एकच माणूस जेमतेम आत जाईल. आत उतरायला लोखंडी शिडी.

टेस्टचे प्रमुख साईनाथ सर. कामाला वाघ, पण त्या तोंडाजवळ सहसा फिरकायचे नाहीत. यज्ञेशला वाटायचं, असेल एखाद्याला पाण्याची भीती.

टेस्ट सुरू करताना पंपाची पूजा झाली. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली काही माणसं तिथे कामाला होती. त्यांनी नारळाची एक वाटी टाकीच्या तोंडाशी ठेवली. साईनाथ सर आले आणि त्यांनी ती लाथेने उडवली. त्या माणसांनी ती उचलून कपाळाला लावली आणि ती घेऊन ते बाहेर गेले.

पंप मस्त चालला. शेवटचा दिवस उजाडला, तो हा रविवार.

दुपारी पाण्याचा दाब उतरायला लागला.

आधी थोडा... मग अजून थोडा... टाकीत पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाला जाळी असते. तिच्यावर कोणीतरी हळूहळू तळहात दाबत जावा, तसा.

आणि वास आला. टाकीत गाळलेलं, स्वच्छ पाणी. वास मात्र... ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलाला येतो, तो.

सर म्हणाले, जाळी तुंबली, कोणीतरी उतरा. कोळीवाड्यातल्या दोघांनी सरळ नकार दिला. पंप चालू असताना टाकीत उतरणार नाही, काढून टाकायचं तर टाका, असं सांगून दोघं जेवायला निघून गेले. सर यज्ञेशकडे वळले. नवीन पोरगा, नाही म्हणायची हिंमत कुठून आणणार? त्याने कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक सरांनी स्वतःच्या हाताला गुंडाळलं.

पाणी छातीपर्यंत होतं. यज्ञेशने पाण्याखाली हात घालून जाळी चाचपली.

जाळीवर... काहीच नव्हतं.

पान नाही, चिंधी नाही. तो वळणार इतक्यात पंपाने एकदम जोर धरला. जाळीचा एक कोपरा आत दबला आणि त्याचा पाय घोट्यापर्यंत आत खेचला गेला. पाणी हनुवटीला लागलं. तो जीव खाऊन ओरडला, सर, बंद करा.

वरच्या तोंडातून सरांनी खाली पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं, यात यज्ञेशला तिळमात्र शंका नाही.

"अरे ओढ ना पाय जरा," सर म्हणाले. "थोडक्यासाठी टेस्ट जाईल सगळी."

पाय आणखी आत गेला, पाणी नाकाशी आलं. आईची आठवण आली, बस, बाकी काही नाही.

तेवढ्यात पाण्याखाली...

कोणीतरी त्याचा घोटा धरला.

पाची बोटं त्याला वेगवेगळी जाणवली. एका झटक्यात पाय सुटला आणि त्याच हाताने त्याला खालून वर ढकललं. खोकत, रडत त्याने शिडी पकडली आणि तो वर आला.

वर सर नव्हते.

कमरेचा दोर तेवढा होता. तो त्याच्या मागून, टाकीच्या तोंडातून... खाली पाण्यात गेलेला. ताणलेला.

वॉचमन पंढरी आरडाओरडा ऐकून पळत आला, तेव्हा कमरेचा दोर सोडून यज्ञेश पॅनेलच्या बटणापाशी उभा होता. पंप चालूच होता. पंढरीने त्याला बाजूला सारून बटण दाबलं आणि पंप लगेच थांबला. साईनाथ सरांना बाहेर काढलं. त्यांचा पाय त्याच जाळीत अडकला होता. उशीर झाला होता.

दोराचा हिसका बसून ते पडले असतील, असं सगळे म्हणाले. पडले कुठून? त्या तोंडातून तर यज्ञेश वर येत होता. त्याला कोणाचा धक्कासुद्धा लागला नाही.

संध्याकाळी पंढरीने त्याला सगळं सांगितलं. आधीच्या टेस्टला कोळीवाड्यातला नामा जाळी साफ करायला असाच उतरला आणि वर आलाच नाही. पाय घसरून बुडाला, असं सांगून प्रकरण मिटवलं. नामाची बायको सरस्वती गेटवर येऊन विचारायची, खाडीत वाढलेला माणूस टाकीत बुडतो कसा? तिला गेटवरूनच परत पाठवायचे.

"नामा ओरडत होता. बटणापाशी साईनाथ साहेबच उभे होते," पंढरी शेवटी म्हणाला.

यज्ञेशने नोकरी सोडली. मी त्याला भेटायला गेलेलो. त्याला धीर द्यावा म्हणून म्हटलं, तू बटणापर्यंत धावलास ना, मग तुझा काय दोष?

तो स्वतःचं मनगट चोळत बसला.

"बटणावर हात ठेवला होता मी," तो म्हणाला. "तेवढ्यात कोणीतरी मनगट धरलं. ओला, गार हात."

मग झालं तर, मी म्हटलं. तू तरी काय करणार होतास?

"पकड ढिली होती रे. सोडवता आला असता हात."

"मग?"

"नाही सोडवला."

हे बोलताना त्याचा आवाज जरासुद्धा कापला नाही. तेव्हापासून कोपरला त्याच्या घरी जायचं मी टाळतोय.