मागच्या शेडमधली बदामी गाडी

दार लोटून घ्या आणि जरा जवळ सरका. ही गोष्ट ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरली तो फोटोग्राफर रोज संध्याकाळी माझ्याशेजारी बाकावर बसायचा. थापा मारणं त्याच्या रक्तात नव्हतं. निदान तोपर्यंत त्याला तसं वाटायचं.

लग्नाच्या आणि पासपोर्टच्या फोटोंवर त्याचं पोट चालायचं, पण जीव जडला होता तो टाकून दिलेल्या जुन्या मोटारींवर. झुडपात रुतलेली, गंजून लाल झालेली गाडी दिसली की स्वारी तिथेच थांबायची. काकू चिडवायची, "जिवंत माणसं पैसे देतात रे, तू आपला मढ्यांचे फोटो काढत हिंड!"

आई लवकर गेली, म्हणून या काकूनंच त्याला वाढवलं. काका नव्हता. काकानं एका माणसाला गाडीखाली घेतलं आणि त्याच रात्री गाडीसकट पळ काढला, असं वडिलांनी, म्हणजे काकाच्या थोरल्या दादानंच, पोलिसांना सांगितलं होतं. तो माणूस जागीच गेला. तीसेक वर्षं काकू मान खाली घालून जगली. भाजी घ्यायला जायची तीसुद्धा बाजार उठायच्या वेळी.

तर झालं असं. गावाबाहेरची बंद पडलेली तेलाची गिरणी विकली गेली. काका पळाला त्याच सुमारास बंद पडून तिला कोर्टाचं सील लागलं होतं. नव्या मालकाला इमारतींचे फोटो हवे होते. वडील एके काळी तिथे मॅनेजर होते, म्हणून यानं सहज घरी सांगितलं.

वडील पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मागच्या शेडकडे जाऊ नकोस. साप आहेत."

नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. अंधार लवकर पडण्याचे दिवस. हा दुपारी गेला, इमारती उरकल्या आणि आवारातले गंजके ट्रक बघून नादावला. उन्हं गेली तरी भान नाही. फिरत फिरत मागच्या शेडपाशी पोचला. पहारेकऱ्यानं दिलेल्या जुडग्यातली एकही किल्ली तिथल्या कुलपाला लागेना. बाजूचा एक पत्रा मात्र गंजून सैल झाला होता. तो वाकवून हा आत शिरला.

आत एकच गाडी होती.

बदामी रंगाची. चारही टायर बसलेले, टपावर बोटभर धूळ. यानं चारदोन फोटो काढले. मग दार ओढलं आणि बॅटरीचा झोत आत मारला. डॅशबोर्डवर खिळ्यानं कोरलेलं वेडंवाकडं अक्षर दिसलं.

ते त्यानंच कोरलं होतं. सहा वर्षांचा असताना. काकानं एक चापट दिली होती आणि मग स्वतःच खो खो हसला होता. त्याचा हात आपल्या ग्रीसनं माखलेल्या रुंद पंजाखाली धरून गिअर टाकायला शिकवायचा काका... या सीटवर.

पळून गेलेली गाडी. इथे. गावातच.

तो ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसला. बॅटरी हातातून निसटली, विझली.

मग ड्रायव्हरच्या सीटची स्प्रिंग करकरली.

कोणी बसल्यासारखी.

"दादा आला?"

आवाज ओळखीचा होता.

"दादा म्हणाला, गाडी लपवू. तू आतच थांब... मी सगळं निस्तरून येतो."

आवाज शेडच्या दाराकडे वळल्यासारखा झाला.

"बाहेरून कुलूप लावलं त्यानं... मी हाका मारल्या. खूप मारल्या..."

"काका..."

"गाडी दादा चालवत होता रे. मी इथे नव्हतो. मी तिथे होतो... तू बसलायस तिथे."

हा त्या सीटच्या कडेला सरकला.

"तो माणूस... वाचला का?"



स्प्रिंग पुन्हा करकरली. सीट रिकामी झाली.

पत्र्यानं हात फाटला तरी त्याला कळलं नाही. तो थेट घरी आला. वडील खुर्चीत होते, काकू दाराशी पाणी घेऊन उभी. यानं कॅमेऱ्यातला फोटो वडिलांसमोर धरला. फोटोत गाडी होती, बाकी कोणी नाही. दाराशी उभ्या काकूनंही ती गाडी ओळखली.

"शेडमध्ये गेलो होतो," एवढंच म्हणाला.

वडिलांनी फोटो बघितला. चष्मा काढला. आणि मग...

"अजून तिथेच बसलाय?"

काकूच्या हातातला तांब्या पडला.

तिनं दिराला जेवू घातलं होतं, बाबांनो. दुखण्यात पाय चेपले होते. आपल्या नवऱ्याच्या पापाची फेड म्हणून तीस वर्षं त्या घरात राबली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "भाऊजी, रोज माझ्या हातचं कसं उतरत होतं हो घशाखाली?"

त्याच रात्री पोलीस वडिलांना घेऊन गेले. शेड उघडली. काका शेडच्या दाराला आतून टेकलेला सापडला... जे काही उरलं होतं ते. फोटोग्राफर सकाळपर्यंत तिथेच होता. काकू घरी एकटी. आतून कडी लावून, शाल पांघरून ती खुर्चीत बसून राहिली. पहाटे डोळा लागला तिचा.

उजाडल्यावर हा आला. तिनं कडी काढली आणि पाठ वळवून चहा टाकायला आत निघाली.

"काकू... थांब."

शालीवर, उजव्या खांद्याशी, काळ्या ग्रीसचा हात उमटला होता. पाची बोटं स्पष्ट. कोणी शेजारी बसून थोपटावं तसा. यानं आपला पंजा वर धरून पाहिला, तो लहान पडला.

काकूनं मान वळवून ते बघितलं. बराच वेळ बघितलं.

ती शाल तिनं कधी धुतली नाही.