गेन थोडा कमी

दुपारी तीनच्या सुमाराला तो चष्म्याच्या दुकानात आला आणि दाढच काढायची आहे अशा चेहऱ्याने तपासणीच्या खुर्चीवर बसला. तिने त्याच्या नाकावर ती जड चौकट चढवली, एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं.

"हे स्पष्ट दिसतंय, की हे?"

"दोन्ही सारखीच."

"नीट बघा."

"बघतोय की... तुम्ही जरा बाजूला झालात तर अक्षरंही दिसतील."

ती बाजूला झाली. गालातल्या गालात हसलीही, आणि ते त्याला दिसलं नसेल असं ती धरून चालली. तो गिटारचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचा, आणि हल्ली आतले बारीक सांधे धुरकट दिसायला लागले होते. बोटांवर चटक्यांचे डाग होते. तिच्या हाताकडे मात्र त्याचं लक्ष आधीच गेलं होतं.

"गिटार वाजवता? डाव्या हाताची बोटं टोकाला कडक झालीयत, म्हणून विचारलं."

"वाजवते," ती म्हणाली. "म्हणजे अजून दोन रविवार तरी."

मग भिंगं पुसता पुसता तिने सगळं सांगून टाकलं. अनोळखी माणसाला असं काही सांगायचा तिचा स्वभाव नव्हता, पण हा माणूस ऐकताना मध्ये बोलत नव्हता. तिच्या दादाचा बँड होता. दादा ड्रमवर, ती चार वर्षं रिदम गिटारवर, म्हणजे मागची भक्कम साथ. पुढे येऊन लीड वाजवणारा नोकरीसाठी गाव सोडून गेला होता. आता दोन्ही तिने सांभाळायचं, आणि दुसऱ्या रविवारच्या सरावात दादा ऐकून ठरवणार होता. जमलं तर ठीक, नाहीतर दुसरा वाजवणारा बघून ठेवलेला होता आणि तिने घरी बसायचं. दादा सख्खा होता, पण बँडच्या बाबतीत सावत्र.

"आणि माझा ॲम्प तर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो."

"मग माझ्याकडे या ना. जुने ॲम्प विकतोही मी."

त्याचं दुकान एका टायरवाल्याच्या शेजारी होतं. आत पाऊल टाकलं की तापलेल्या धातूचा वास, आणि भिंतीला लागून ॲम्पच ॲम्प. ती थेट सगळ्यात मोठ्यापाशी गेली. बास पूर्ण वर, मधल्या सुरांचं बटण शून्यावर, आणि आवाज फाडणारं ते गेनचं बटण फिरेल तितकं फिरवलेलं. तिने एक तार छेडली. त्याच्या टेबलावरचे स्क्रू वाटीत नाचायला लागले.

"हाच," ती म्हणाली. तिच्या अंगावर काटा आला होता.

"हा एकट्याने वाजवायला राजा आहे. पण ड्रम आणि बास गिटार सुरू झाले की... सापडायचा नाही."

"तुम्हाला विकायचाय की नाही?"

"विकायचाय. हा नको, इतकंच."

ती ऐकेल तर ना. आठवडाभर वाजवून बघते म्हणाली आणि तो कपाटाएवढा ॲम्प टेंपोत घालून घेऊन गेली. त्या आठवड्यात तो चष्मा ढिला झाला म्हणून तीनदा येऊन गेला. चष्म्याला काहीही झालेलं नव्हतं. दर वेळी ती त्याची दांडी थोडी वाकवायची आणि पुन्हा सरळ करायची, आणि दोघंही फार गंभीर चेहरा करून उभे राहायचे.

सरावात मात्र तिची फजिती झाली. खोलीच्या काचा थरथरत होत्या, आणि तरी गाणं संपल्यावर दादाने विचारलं, "तू वाजवत होतीस का गं?" तो चिडवत नव्हता. त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या दुकानात आली ती मान खाली घालूनच.

"म्हणून टाका एकदाचं. सांगितलं होतं म्हणून."

"छे. मी कशाला म्हणू, तुम्हीच म्हणालात की."

त्याने गुडघ्याएवढा एक ॲम्प पुढे ओढला. गेन निम्म्यावर आणला, मधले सूर चांगले वर नेले. तिने वाजवून पाहिलं आणि नाक मुरडलं. "याला सर्दी झालीय."

"तुमच्या पायाशी आहे ना, म्हणून. ऐकणारे पायाशी बसत नाहीत. दारापाशी जाऊन उभ्या राहा."

त्याने ड्रमचं एक रेकॉर्डिंग लावलं आणि तिची गिटार गळ्यात अडकवली. त्याला चारच सूर येत होते, त्यातला एक चुकत होता. पण दारातून तिला प्रत्येक ठोका ऐकू आला, जाड आणि तरीही सुटा सुटा. ॲम्पचा खटका पायाने दाबून त्याने लीडसाठीचा मोठा आवाज लावला, तेव्हा तो एकटा चुकीचा सूरही ड्रमच्या वरून सरळ तिच्यापर्यंत आला. ती परत आली आणि गिटार घेतली. दोन ओळी वाजवल्या... आणि थांबली.

"माझ्या चुका ऐकू येतायत."

"येणारच. गेन वाढवला की चुका झाकल्या जातात." तो चष्मा पुसत राहिला. "पण मग तुम्हीही झाकल्या जाता."

तिला राग आला. खरं बोलल्याचा येतो तसा. चार वर्षं ती दुसऱ्याच्या लीडमागे सुखात उभी होती, आणि हे दादालाही कधी कळलं नव्हतं. मग उरलेले सगळे दिवस चष्म्याचं दुकान बंद झालं की ती इथे यायची, त्याच कमी गेनवर तेच तुकडे घोटायची. तो सांधे जोडत बसायचा. चुकलं की मान वर करायचा नाही, ही त्याची माया होती.

ठरलेल्या रविवारी सकाळी ॲम्प उचलायला म्हणून तोही सरावाच्या खोलीत आला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून त्याने खुणा करायच्या असं ठरलं: हात वर म्हणजे मधले सूर वाढव, हात खाली म्हणजे गेन कमी कर. पहिल्या गाण्यात हात दोनदा खाली आला. तिने जीव मुठीत धरून बटण मागे फिरवलं. रिदम घट्ट बसला, आणि बासवाल्याने वळून पाहिलं.

लीडची वेळ आली. तिने खटका दाबला, पहिला सूर ओढला आणि त्याच्याकडे पाहिलं. हात वर नाही, खाली नाही. तो नुसता उभा होता. झालं, सगळं बिघडलं, तिला वाटलं. पण आता लपायला जागा नव्हती. ती वाजवत राहिली. एक सूर घसरला, सगळ्यांना ऐकू आला, तिने तो तसाच पुढच्यात मिळवला आणि शेवटपर्यंत गेली.

दादा काड्या मांडीवर ठेवून म्हणाला, "दुसऱ्या कुणाची गरज नाही. त्याला मी नको म्हणून फोन करतो." आणि लगेच ड्रमवरच्या झांजेचा स्क्रू आवळून ती झांज दणादण ठोकून बघायला लागला, कारण डोळे ओले झाल्याचं बहिणीला दिसू द्यायचं नव्हतं.

ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्यापाशी गेली. "खुणा का थांबवल्यात?"

तो काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं. मोठ्याने बोला."

"विसरलो म्हणालो. ॲम्प ऐकायला आलो होतो, तो विसरलो. तुम्ही..." झांज वाजतच होती. त्याने श्वास घेतला आणि ओरडून सांगितलं, "तुम्ही मला फार आवडता."

झांज नेमकी तेव्हाच थांबली होती. दादाची काडी हवेत राहिली. बासवाला छताकडे बघायला लागला. ओरडणारा मात्र कानापर्यंत लाल झाला आणि दार शोधायला लागला.

तिच्या मनात आलं, त्याला बाहेर घेऊन जावं आणि कोपऱ्यात, हळूच सांगावं. ती जागची हलली नाही.

"तुम्हीही मला आवडता," ती म्हणाली. नेहमीच्याच आवाजात, पण खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल असं.