येरवड्याचा पाहुणा

"हा कोण? पाहुणा?" कंडक्टरकाकांनी विचारलं आणि मी मोबाइलमधून मान वर काढली.

रविवारची दुपार होती. मी नुकतीच नारायण पेठेत बसमध्ये चढले होते. समोरच्या सीटवर माझ्याच वयाचा एक मुलगा, आणि त्याच्या शेजारी, अगदी खिडकीपाशी, फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी ऐटीत बसलेलं.

"कॉम्प्युटर आहे काका. कोथरूडला चाललाय."

"खिडकी त्यालाच दिलीत. मग तिकीटही काढा."

त्यानं खरंच दोन तिकिटं काढली. मला हसू फुटलं.

"काऊन हसतेस?"

"आमच्याकडे 'का' म्हणतात."

"आमच्याकडे अनोळखी माणसाला हसत नाहीत."

बोलता बोलता कळलं, की आम्ही एकाच ठिकाणी निघालोय. तो शंभू, आमच्याच संस्थेच्या येरवड्याच्या शाळेतला, दहावीतला. आई-वडील यवतमाळहून आलेले. मी तनया, कोथरूडच्या शाखेतली, यंदाची कॉम्प्युटर क्लबप्रमुख. हो, मीच! गेल्या वर्षीपर्यंत 'हजर' म्हणतानाही माझा आवाज बसायचा.

आज आमच्या लॅबमध्ये दोन्ही शाळांतल्या पाचवीच्या मुलांची ऑनलाइन गणित स्पर्धा होती. लॅबमधला प्रत्येक कॉम्प्युटर इंटरनेटवर जातो तो मध्ये बसलेल्या एका मशीनमधून, म्हणजे प्रॉक्सी सर्व्हरमधून. सराव परीक्षेत गर्दी झाली आणि त्यानं मान टाकली. म्हणून आज तीन सर्व्हर. एक ऑफिसमधला, एक लायब्ररीतला, आणि तिसरा हा चादरीतला.

"म्हणजे मोठी पंगत आणि एकच वाढपी होता," मी म्हटलं.

"आता तीन. आणि पाळीपाळीनं वाढायचं. पहिली मागणी याच्याकडे, पुढची त्याच्याकडे. कुणावर भार नाही." तो खिडकीबाहेर बघत बोलत होता, पण कान लाल झाले होते... मी मुद्दाम बघत राहिले.

लॅबमध्ये प्रत्येक सर्व्हरला त्यानं इंटरनेटची वेगळी लाइन जोडली. तो टेबलाखाली, मी वरून वायरी देत होते. एकदा बोटांना बोटं लागली. सॉरी कुणीच म्हणालं नाही.

पेपर सुरू झाला.

"ताई... हे मला परत नाव विचारतंय."

येरवड्याची सोनू. पहिल्या बाकावर, दोन वेण्या. तिला पुन्हा लॉगिन करून देतेय, तोवर मागून एक हात वर आला. मग आणखी. मग सगळीकडून. परीक्षेची साइट मुलांना एकेक करून बाहेर काढत होती — आणि तिसऱ्यांदा बाहेर पडलं, की पेपर कायमचा बंद. सोनूचं दोनदा झालं होतं.

"तनया," आमच्या कॉम्प्युटरच्या श्यामला मॅडम म्हणाल्या, "तीन सर्व्हरची हौस पुरे झाली. एकावर आणा परत."

"एकावर आणलं तर सगळेच अडकतील, मॅडम." माझा आवाज बसला नाही.

शंभू पडद्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा तपासत होता. "मले समजत नाही... भार तर सारखा वाटला जातोय."

"सगळ्यांनी हात मांडीवर," मी सांगितलं. "कुणी काही दाबायचं नाही." पडद्यांवर वेळ मात्र पळत होता. सोनू माझ्याकडे बघत होती. रडली असती तर बरं, असं बघणं.

पंगत... माझ्या डोक्यात तेच फिरत होतं.

"शंभू, मावशीच्या लग्नात बाबांनी एका वाढप्याला सांगितलं, जिलबी नको. लगेच दुसरा आला. त्याला काय माहीत? त्याला पहिल्यापासून सांगायला लागलं."

"तीन लाइन, म्हणजे तीन पत्ते," तो सावकाश म्हणाला. "सोनू एकाच पेपरात तीन घरांतून येतेय. साइटला वाटतंय, तिच्या नावावर दुसरंच कुणीतरी बसलंय."

"मग पाळी काढून टाक. एका कॉम्प्युटरला एकच सर्व्हर. पेपर संपेपर्यंत तोच."

"आणि सोनू? तिला चुकीचा मिळाला तर..."

"ती शेवटची आत कुठून आली?"

त्यानं पडदा वर सरकवला, खाली सरकवला. "येरवडा. माझ्याच मशीनवरून."

"नक्की?"

"...नक्की."

मी कीबोर्ड ओढून घेतला. तो सांगत गेला, मी टाइप करत गेले. त्याचा श्वास माझ्या कानाशी होता, आणि मला फक्त पडद्यावरचे स्वल्पविराम दिसत होते. सोनूचा कॉम्प्युटर येरवड्याला बांधला. बाकीचेही ज्याच्या-त्याच्या शेवटच्या सर्व्हरला बांधले.

"सोनू, आता पुढचा प्रश्न."

तिनं दाबलं. गोल फिरायला लागला... फिरतच राहिला... मी शंभूची बाही घट्ट धरलीये, हे मला तेव्हाच कळलं. त्यानं ती सोडवली नाही.

प्रश्न उघडला.

"ताई, हा मला येतो," सोनू म्हणाली आणि पुढे निघून गेली.

पेपर संपला. कुणाचाच बंद पडला नाही. "मुलगा बरा आहे," मॅडम म्हणाल्या. मॅडमच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच. मी मुलांना फाटकापर्यंत सोडून परत आले, तर शंभू नव्हता. खुर्चीवरची चादरही नव्हती. मशीनचा हिरवा दिवा मात्र लुकलुकत होता.

मी सेटिंग उघडलं. तळाशी एक ओळ होती, मी न लिहिलेली. माझा लॅपटॉप येरवड्याला बांधलेला. पुढे त्यानं टीप लिहिली होती: कायम.

मी बसस्टॉपपर्यंत पळत गेले.

"तुझा कॉम्प्युटर राहिला."

"मॅडमना विचारलंय." चादरीची घडी त्यानं छातीशी धरली होती.

"तो बंद केला तर माझं नेट जाईल, अशी सोय केलीयेस."

"म्हणूनच नेत नाही."

"शंभू, आता दुसरा पेपर नाहीये."

"माहितीये." त्यानं चपलेनं रस्ता उकरला. "मले वाटलं... न्यायला तर यावं लागेल ना. पुढच्या रविवारी."

माझं काळीज सोनूच्या पडद्यावरच्या गोलासारखं फिरत होतं. पण आवाज? आवाज माझाच होता.

"ये. फक्त न्यायला येऊ नकोस."

बस आली. दारात तेच कंडक्टरकाका.

"पाहुणा कुठाय?"

शंभूनं तोंड उघडलं, पण मीच म्हटलं, "राहिलाय. मुक्कामाला."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरं. मग तुम्ही तरी चढा. बस मुक्कामाला नाही आमची."