समजा, ते काढलं तर

शिक्षक कॉलनीत हल्ली लोक दुधाची पिशवी उचलण्याआधी फाटकावरचा आकडा बघतात. तो आकडा म्हणजे घराची आजची किंमत. नगरपालिकेने त्याला ‘वास्तुमोल’ असं भारदस्त नाव दिलं आहे. गल्लीतल्या दिव्यांच्या खांबांवर बसवलेली यंत्रं आवाज, धूळ, वर्दळ टिपत राहतात आणि त्यावरून रोज घराचं मोल ठरतं. घरपट्टी त्यावर, बँकेचं कर्जही त्यावरच. कुणी कठड्यावर गोधडी वाळत घातली, तरी शेजारी नाक मुरडतात. पूर्वी याच गल्लीत पापड वाळत आणि राखायला सगळे असत.

अशा ठिकाणी तेजस बाबरने घराशेजारच्या मोकळ्या जागेत रिक्षादुरुस्तीचं गॅरेज काढायचं ठरवलं. सगळ्यात जास्त विरोध समोरच्या शेवाळे सरांनी केला. त्यांना तरी काय दोष द्यायचा? त्यांच्या पत्नीला, ज्योत्स्नाबाईंना, विस्मरणाच्या आजाराने गाठलं होतं. घर बँकेकडे तारण ठेवून सर दरमहा रक्कम घेत. औषधं आणि रात्री सोबतीला येणाऱ्या बाईंचा पगार त्यातून निघे. आकडा उतरला की ती रक्कमही उतरणार होती.

वाचनालयात बैठक बसली. पालिकेच्या निरीक्षक अमृता कुंभार यांनी भिंतीवर गल्लीचा नकाशा उमटवला.

"यात ‘समजा’ नावाची सोय आहे," त्या म्हणाल्या. "समजा, गॅरेज झालं, तर?"

सरांच्या घराचा आकडा थोडा घसरला.

"बघा! मी काय सांगत होतो?" सर म्हणाले.

तेजसचा पारा चढला. "एवढंसंच? मग सगळंच बघू की. आत्ता गल्लीत असं काय आहे, जे काढलं तर आकडा सगळ्यात जास्त वाढेल?"

कुंभारबाई जरा घुटमळल्या, पण त्यांनी प्रश्न यंत्राला घातला. नकाशावर एक रेघ उमटली. शेवाळ्यांच्या दारातून निघून ती एकेका दाराशी थांबत होती. खाली अक्षरं आली : दुपारची अनियमित वर्दळ.

"कोण आहे ते यंत्राला कळत नाही," कुंभारबाई म्हणाल्या. "फक्त सवय कळते."

गल्लीला मात्र लगेच कळलं. ज्योत्स्नाबाईंना रोज दुपारी संक्रांत आहे असं वाटे. काठपदराची साडी नेसून त्या हळदीकुंकवाला निघत. ज्या दारी जातील तिथली बाई त्यांना कुंकू लावी, हातावर काहीतरी गोड ठेवी आणि घरी आणून सोडी. आजवर कुणी त्याबद्दल ब्र काढला नव्हता.

"बंद करा ते," तेजस पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला. "चुकलो मी, सर." पण तोवर प्रत्येकाने आपापल्या घरापुढचा वाढीव आकडा बघून घेतला होता.

सरांनी दुसऱ्याच दिवशी विरोध मागे घेतला. ज्योत्स्नाबाईंच्या फेरीबद्दल कुणी तक्रार केली नाही. उलट सगळे जरा जास्तच गोड वागले, आणि सरांना त्याचीच भीती वाटली.

दुपारी ज्योत्स्नाबाई साडी नेसून बाहेरच्या खोलीत आल्या. सर दाराला कडी घालून उभे होते. ज्योत्स्ना घरात राहिली तर आकडा चढेल, तिच्याच औषधपाण्याला जास्त पैसे मिळतील. हा हिशेब आपल्या डोक्यात आला, याची त्यांना लाज वाटली.

"अहो, सरका ना," ज्योत्स्नाबाई हसून म्हणाल्या. "बायका वाट बघत असतील."

सरांचा हात कडीवर होता. बाहेर गल्ली अगदी शांत होती. खरंच कुणी वाट बघत असेल का?