कोडिक्करैला जाणारी गाडी

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत चिदंबररावांनी एक जुनी लोड ऑटो आणून परसात उभी केली, तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, निवृत्त झालेला हा माणूस आता भाजी विकणार. तीन चाकं, पुढे एका माणसापुरती केबिन, मागे माल भरायचा उघडा हौदा. आजवर त्या गाडीनं केळीचे घड वाहिले होते. हौद्याच्या कोपऱ्यांत चिकाचे काळे डाग होते, ते घासूनही गेले नाहीत.

चिदंबररावांना त्या हौद्यावर एक खोली बांधायची होती. निजायला फळी, उशाशी ऑक्सिजनचं यंत्र, ते चालवायला बॅटऱ्या, छपरावर सोलर पॅनेल. आणि त्या खोलीत बायकोला निजवून समुद्रापर्यंत न्यायचं होतं, कोडिक्करैला.

नागलक्ष्मीचं लहानपण कोडिक्करैला गेलं होतं. वडील तिथल्या मिठागरांच्या कचेरीत होते. लग्न होऊन ती तंजावूरला आली, संसारात गुंतली, आणि आता तिची फुप्फुसं आतून आखडत चालली होती. यावर औषध नाही, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, सुखात ठेवा. तिला बसवत नव्हतं. बसली की धाप लागायची. होसूरला नोकरी करणारी मुलगी हरिता फोनवर म्हणाली, "अप्पा, अँब्युलन्स करूया की." त्यावर नागलक्ष्मी खाटेवरूनच म्हणाली, "अँब्युलन्सीतून समुद्र बघायला जातात काय गे?"

म्हणून ही गाडी.

चिदंबरराव वीज मंडळात इंजिनियर होते. काम कसं करायचं ते त्यांना ठाऊक होतं. कल्याणराम वेल्डरनं लोखंडी सांगाडा जोडून दिला. बाकीचं त्यांनी स्वतःच केलं. आतून प्लायवुड, बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा, मध्ये उष्णता अडवायला थर्माकोल. केबिन आणि खोली यांच्यामध्ये मोडीत निघालेल्या बसची सरकती खिडकी बसवली, म्हणजे चालवताना तिच्याशी बोलता येईल. फळीसाठी ते तिची उंची मोजायला गेले, तेव्हा ती हसली. "खाट करतां की पेटी?"

ते हसले नाहीत.

खोली तयार झाली, तशी त्यांनी तिला उचलून आत निजवलं. दार लावल्यावर किती उकडतं ते पाहायचं होतं. ते धुण्याच्या दगडावर बसून राहिले. बऱ्याच वेळानं दार उघडलं, तर नागलक्ष्मीनं नाकातली नळी काढून बाजूला ठेवली होती. ती शांत श्वास घेत होती. गेल्या वर्षभरात त्यांनी तिला असा श्वास घेताना पाहिलं नव्हतं.

"कुठवर आलों?" तिनं विचारलं.

"परसात," ते म्हणाले.

"नाही हो. ओरत्तनाडु गेलं की. त्या जुन्या छत्राच्या, धर्मशाळेच्या भिंतीवर ऊन होतं."

प्राणवायू कमी पडला की मेंदू भलतंसलतं दाखवतो, हे त्यांनी वाचलं होतं. त्यांनी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा उत्तम होता. त्यांनी तो स्वतःच्या बोटाला लावून पाहिला. यंत्र ठीक होतं.

तिला बाहेर काढून घरात नेलं, तशी पुन्हा धाप सुरू झाली.

मग ती रोज दुपारी तिथेच निजू लागली. रोज थोडी पुढे जात होती. पट्टुक्कोट्टैच्या बाजारात नारळांचे ढीग दिसले म्हणाली. पुढे कधी वाटेत पाऊस लागला म्हणाली. तंजावूरला पावसाचा टिपूस नव्हता. चिदंबरराव ऐकून घ्यायचे आणि तिच्या पायांवर पांघरूण सारखं करायचे. हरिताला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

एकदा त्यांनी परसातूनच तिच्या मोबाईलवर फोन लावला. ती दार लावून आत होती, चार हातांवर. ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे, असं तमिळमध्ये एक बाई सांगत राहिली. पत्र्यामुळे, चिदंबरराव मनाशी म्हणाले. पत्र्याच्या पेटीत लहरी शिरत नाहीत. त्यांनी दारावर थाप दिली. उत्तर यायला उशीर लागला, आणि आलं ते फार बारीक आवाजात. थर्माकोलमुळे, ते म्हणाले. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. दरवेळी कारण निराळं शोधावं लागत होतं, एवढंच त्यांना खुपत होतं.

"ही गाडी चालवतं कोण?" एका दुपारी त्यांनी विचारलं. थट्टेनं विचारायचं ठरवलं होतं, पण आवाजात थट्टा उतरली नाही.

नागलक्ष्मीनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही नव्हे काय? खिडकीतून पाठ दिसते." मग जरा विचार करून म्हणाली, "पण खरंच. तुम्ही इतकं सावकाश कधी चालवतां?"

ते पुढे जाऊन केबिनमध्ये बसले. आसन गरम होतं. ते उन्हानं असेल. पण हँडलच्या दोन्ही रबरी मुठी ओलसर होत्या, कुणी घामेजल्या हातांनी बराच वेळ धरून आत्ताच सोडल्यासारख्या. त्यांनी तळवे धोतराला पुसले आणि पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिला घरात ठेवून ते स्वतः त्या फळीवर निजले. दार लावलं. फेव्हिकोलचा वास, उकाडा, बाहेर कावळा. दुसरं काही नाही. गाडी जागची हलली नाही. बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते का, हे त्यांना सांगता आलं नसतं.

नागलक्ष्मी आता घरात थांबायला तयार नसायची. जेवण तुटलं होतं. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. हरिता म्हणाली, मी शनिवारी येते, मग सगळे जाऊ. चिदंबरराव थांबले नाहीत. न्यायचं असेल तर मीच नेईन, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून, त्यांनी तिला आत निजवलं, नळी लावली, आणि गाडी सुरू केली.

शहर मागे पडलं. दोन्ही बाजूंना भातशेती लागली. त्यांनी मागची खिडकी सरकवली.

"लक्ष्मी, निघालों बघ. या वेळी खरंच."

उत्तराऐवजी धाप ऐकू आली. नळी असूनही ती गुदमरत होती. ओरत्तनाडु ओलांडेपर्यंत तो आवाज वाढतच गेला.

"हादरे बसतात," ती म्हणाली. "कोण चालवतंय?"

"मी. मी चालवतोय गे."

"तुम्ही नको."

त्यांनी वेग कमी केला. आणखी कमी केला. सायकलवाले पुढे जाऊ लागले. तरी तिचा श्वास सापडेना. शेवटी त्यांनी रस्त्याकडेच्या चिंचेखाली गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, आणि मागे जाऊन दार उघडलं. तिचे ओठ निळे पडले होते. ऑक्सिमीटरवरचा आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत उतरत होता.

"माघारी जाऊं. दवाखान्यांत जाऊं."

"नको." तिनं त्यांचा हात धरला. त्या हातात जोर उरला नव्हता. "दार लावा. पुढचं आसन मोकळं ठेवा. त्यांस बसूं द्या."

"कुणास?"

ती नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली. कंडक्टरकडे उतारू पाहतो तशी.

त्यांनी दार लावलं. केबिनपाशी गेले, किल्लीवर हात ठेवला. दवाखाना जवळ होता. पोचता आलं असतं. पोचून काय झालं असतं, तेही त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी किल्ली काढली नाही. फिरवलीही नाही. ते मागे सरले.

लख्ख ऊन होतं. रस्त्यावरून एक टाउन बस गेली. केबिनमध्ये कुणी नव्हतं. त्यांनी नीट पाहिलं. कुणी नव्हतं.

पण आतली धाप थांबली होती.

त्यांनी मागच्या पत्र्याला कान लावला. श्वास ऐकू येत होता, संथ, झोपलेल्या मुलासारखा.

"लक्ष्मी?"

"मुत्तुपेट गेलं," ती आतून म्हणाली.

"मी पण येतो. थांबव म्हणावं. ऐकलंस? मी पण येतो."

पत्रा तापला होता, कानाला चटका बसत होता. त्यांनी कान काढला नाही.

"जागा नाही हो," ती म्हणाली. शेताच्या पलीकडच्या बांधावरून कुणी म्हणावं इतक्या लांबून.

मग श्वासही लांब गेला.

गाडीची चाकं जागची हलली नव्हती. चाकांखालची चिंचेची सुकी पानंसुद्धा तशीच होती.

त्यांनी दार उघडलं तेव्हा ती फळीवरच होती. तोंड खिडकीकडे, डोळे उघडे. सगळं संपलं होतं.

तेरावा झाला. पाहुणे गेले. हरितानं रजा वाढवली. चिदंबररावांनी एका सकाळी गाडीची तिन्ही चाकं काढली, सांगाडा विटांवर बसवला. बॅटऱ्या काढल्या, हँडल उतरवलं, केबिनमधलं आसन उचकटून कल्याणरामच्या दुकानाबाहेर नेऊन टाकलं. हरितानं कारण विचारलं नाही. तिला वाटलं, दुःखात माणसं असं करतात.

त्या दुपारी उकाडा फार होता. चिदंबररावांनी दोघांसाठी कॉफी केली. हरिता घरात कुठे दिसेना, म्हणून पेले तसेच हातात घेऊन ते परसात आले. खोलीचं दार लावलेलं होतं. तिच्या चपला खाली विटांशेजारी होत्या.

आईच्या जागी जरा पडली असेल, असं त्यांना वाटलं. पडू दे बिचारीला.

"हरिता," त्यांनी हाक मारली. "कॉफी निवते गे."

त्यांनी पुन्हा हाक मारली. परसात नारळाची एकही झावळी हलत नव्हती. दोरीवरची धुणी सरळ लोंबत होती.

मग आतून तिचा आवाज आला. झोपाळलेला, सुखावलेला, आणि फार लांबून.

"अप्पा, पुढची ती खिडकी जरा लावाल काय? वारं किती गार आहे हो. डोळ्यांत वाळू जाते."