देवकीची वाटी

मी रंगवून सांगत नाही. रोज देवाचं नाव घेणाऱ्या तोंडाने खोटं कशाला बोलू?

नागपूर, धंतोली. साल एकोणीसशे बहात्तर. मार्गशीर्षातला गुरुवार, दिवेलागणीची वेळ.

थोरल्या बहिणीकडे, जयवंताकडे, मी पूजेला गेले होते. तिचे यजमान चंद्रभान भाऊजी. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा हा माणूस पुढे कलकत्त्याच्या मोठ्या हॉटेलांत सॅक्सोफोनवर जाझ वाजवू लागला. नाव इतकं झालं की मुंबईचे महादेवराव त्यांचं चरित्र लिहायला घरी आले. टेपरेकॉर्डर घेऊन.

जयवंता दुसरी बायको. पहिली, देवकी, बँडच्या दिवसांतच बाळंतपणात गेली.

आमच्यात रीत आहे. दुसरेपणावर दिलेली मुलगी वारलेल्या सवतीच्या नावाचा, तिची मूर्त कोरलेला चांदीचा टाक गळ्यात घालते. जेवताना पहिला घास तिच्या नावाने बाजूला काढते.

त्या संध्याकाळी जयवंताचा गळा मोकळा होता...

"काहून वं बाई? टाक कुठं आहे?"

"देवघरात ठेवला. पुस्तकासाठी फोटो काढून राहिले ना! तिले घेऊन बसू का फोटोत?"

"आज गुरुवार आहे. असं नको करू."

"तू आपली पूजा कर वं. जल्मभर पहिला घास तिचा. पुस्तक तरी माझं राहू दे."

मी निरांजन लावायला घेतलं.

महादेवरावांनी टेप सुरू केली. "सुरुवातीच्या दिवसांत तुमच्या सोबत कोण होतं?"

भाऊजींच्या आधी जयवंताच बोलली.

"मीच होती ना! रीड कोरडी असली की वाजत नाही. वाजवाले बसाच्या आधी मीच ती वाटीत भिजवून ठेवत होती. बँडपासून."

रीड म्हणजे वाद्याच्या तोंडाला लावायची पातळ पट्टी. ती देवकी भिजवायची. घरात सगळ्यांना माहीत होतं.

महादेवराव कॅमेरा आणायला ओसरीवर गेले. भाऊजी हळूच म्हणाले, "बँडच्या टायमाले तर तू उमरेडले लंगडी खेळून राहिली होती."

"पुस्तकात कोण येते पाहाले?"

तेवढ्यात स्वयंपाकघरात...

टिंग.

वाटी वाजल्यासारखं.

"मांजर असंल," भाऊजी म्हणाले.

मी जाऊन पाहिलं. मांजर नव्हतं. खिडकी बंद होती.

महादेवराव परत आले. आवाज नीट भरला का, म्हणून टेप मागे फिरवून लावली. त्यांचा प्रश्न ऐकू आला. "तुमच्या सोबत कोण होतं?"

आणि मग...

काहीच नाही.

रस्त्यावरच्या रिक्षाची घंटी होती. माझा खोकला होता. जयवंताचा आवाज तेवढा नव्हता.

त्या जागी बारीक धारेने पाणी ओतल्याचा आवाज होता. मग काचेच्या बांगड्या वाटीच्या काठाला लागल्या...

टिंग.

जयवंताच्या हातात सोन्याच्या पाटल्या होत्या. काच ती कधीच घालत नसे.

भाऊजींचा चेहरा उतरला. त्यांनी उठून सॅक्सोफोनची पेटी उघडली. सकाळपासून ती बंद होती.

रीड ओली होती.

पाणी टपकत होतं.

जयवंता देवघराकडे धावली. टाक गळ्यात घातला, पण तिला गाठ जमेना. दोरा मीच बांधून दिला.

"लिहा, महादेवराव. देवकी भिजवत होती. देवकी! मी नाही."

फोटो काढायचा राहूनच गेला.

पुढच्या वर्षी पुस्तक आलं. देवकीचं नाव सुरुवातीलाच होतं. जयवंताने पानं पुन्हा पुन्हा उलटली. लग्न, संसार, कलकत्त्याची वर्षं...

तिचं नाव कुठंच नव्हतं.

महादेवराव देवाशपथ सांगत, "वहिनी, मी तुमच्यावर पानंच्या पानं लिहिली होती. छापणाऱ्याकडून काय झालं, कळत नाही."

तिने पुस्तक मिटून ठेवलं. पुढे कधीही पहिला घास चुकवला नाही.

आता दोघंही नवराबायको या जगात नाहीत. टाक माझ्या देवघरात आहे. मी रोज दोन घास काढते. आधी देवकीचा, मग बहिणीचा.

काल बहिणीच्या आठवणीने जीव भरून आला, आणि घास काढताना तिचंच नाव तोंडात आधी आलं.

घरात मी एकटी होते. मांडणीवर...

टिंग.

आज हे लिहिताना बहिणीचं नाव मी मुद्दाम पुन्हा पुन्हा लिहिलं आहे.

तुम्हाला ते दिसतंय ना?

जयवंता.