शेवटचं वाक्य आधी म्हणायचं नाही

टेस किनसेलानं कोट काढला नाही. नवव्या ॲव्हेन्यूवरच्या त्या खोलीत हीटर बेसुमार तापला होता, खालच्या ड्रायक्लीनरची वाफ जिन्यातून वर येत होती, तरी ती गळ्यापर्यंत बटणं लावून बसली.

"माझी आई गेल्या गुरुवारी गेली," ती म्हणाली. "मोरा किनसेला. हॅलोरन थिएटरची स्टेज मॅनेजर. 'चार फूट पाणी' एकोणीस वर्षं तिनंच चालवलं."

इडा कॉफ्लरनं मान हलवली. विमा कंपनीसाठी तीस वर्षं जळालेल्या गोदामांची चौकशी केल्यावर तिनं हे लहानसं ऑफिस थाटलं होतं. समोरचा माणूस बोलत असताना ती काही लिहून घेत नसे.

खिडकीशी बसलेल्या वेन्डेल प्रूइटच्या हातात मात्र एक पिवळी पुस्तिका होती. तो निवृत्त टॅक्सीवाला. आता फक्त इडाला इकडून तिकडे नेत असे आणि मधून मधून मत देत असे.

"माझ्या बायकोनं तीनदा पाहिलं," तो म्हणाला. "एरी कालवा खणणाऱ्यांचं नाटक. शेवटी ती विधवा पोरीला म्हणते, 'तू झोप. पाणी आलं की मी उठवीन.' आणि एकदम अंधार. आख्खं थिएटर मुसमुसतं. हे पुस्तक तिचंच. नाटकावरचे शंभर प्रश्न. कुदळी किती? त्र्याऐंशी, कारण कालव्याला दरवाजे त्र्याऐंशी. खेचराच्या सोंगाच्या आत माणसं किती? दोन."

"वेन्डेल," इडा म्हणाली.

"गप्प बसलो."

"आईची वही नाहीशी झाली," टेस म्हणाली. "अख्खी संहिता, दिवा कधी लावायचा, पडदा कधी, सगळं पेन्सिलनं लिहिलेलं. ऑफिसच्या कपाटात असायची. संग्रहालयाची माणसं सोमवारी न्यायला येणार होती. मी शनिवारी गेले तर कपाट रिकामं."

"तुला वही कशासाठी हवी?"

टेस हीटरकडे बघत बोलू लागली.

"हॉस्पिटलमध्ये ती मला म्हणाली, 'तू झोप, मी उठवीन.' मी म्हणाले, आई, आता तरी नाटकातलं नको. ती म्हणाली, 'ते नाटकातलं नाही.' त्यानंतर ती बोललीच नाही. तिला काय म्हणायचं होतं, एवढंच मला कळायला हवंय. कुठं लिहिलं असेल तर त्या वहीतच."

"असं ती नेहमी म्हणायची?"

"लहानपणी रोज. सात चाळीसला थिएटरातून फोन. 'तू झोप. मी आले की उठवीन.' पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी आठ वर्षांची होते, मला कांजिण्या आल्या होत्या. फेब्रुवारीची सुट्टी. खाजवू नये म्हणून हातांत मोजे, आजीनं फोन कानाशी धरलेला. नाटकाच्या तालमी चालू होत्या. मुलीशी बोलायलासुद्धा तिला नाटकातलीच वाक्यं सापडायची." तिनं वरचं बटण चाचपलं. "आणि उठवलं तिनं कधीच नाही. मी शाळेत जाताना ती झोपलेली असायची."

*

हॅलोरनच्या दर्शनी भागात, तिकीट खिडकीच्या बाजूला, एक पावती चौकटीत लावली होती. टॅक्सीची पावती, अकरा मार्चची. तिच्यावर शाईनं ते वाक्य लिहिलेलं. चौकटीच्या आतल्या जाड पुठ्ठ्यानं पावतीची खालची कड झाकली होती.

"प्रश्न पहिला," वेन्डेलनं पुस्तिका उघडली. "शेवटचं वाक्य कुठं लिहिलं गेलं? उत्तर: प्रेक्षकांसमोरच्या पहिल्या प्रयोगाला येताना, पुलावर अडकलेल्या टॅक्सीत. लेखक ॲलिस्टर व्रूम." तो काचेजवळ वाकला. "हीच निळी पट्टी. माझ्या मीटरमधनं असल्या हजारो निघाल्या असतील. उतारू उतरताना बटण दाबायचं, की कर्र करून बाहेर. निम्मे लोक घेतसुद्धा नाहीत."

इडानं पुन्हा एकदा पावतीकडे पाहिलं आणि ती आत गेली.

हेक्टर ओयोला सोळा वर्षं मोराचा मदतनीस होता. आता तिच्या खुर्चीत बसत होता, पण खुर्चीच्या कडेवर.

"किल्ली खिळ्याला असते," तो म्हणाला. "कायमच. बुधवारी दुपारच्या प्रयोगाला वही होती, मी कपाटात पाहिली. शुक्रवारी लोक मोरासाठी दोन शब्द लिहायला इथं येऊन गेले. सगळी मंडळी, जुने नट, व्रूमसाहेब, ल्युसिलबाई. मी बाहेर कॉफी देत होतो."

"तू वही कधी वाचलीस?"

"मी? मोराची वही?" तो पहिल्यांदाच हसला. "कुणी हात लावत नसे, बाई. मी माझ्या छापील प्रतीवरून प्रयोग चालवतो. एकदा एक नवा नट तिच्या वहीवर सँडविच ठेवून गेला. तो पुढच्या प्रयोगात खेचराचं मागचं अर्धं होता."

*

विधवेचं काम पहिल्यांदा केलेल्या ल्युसिल बोमाँ आता गाणं शिकवत. त्यांनी टेसचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"मोराचीच हनुवटी. हट्टी. बस, बाळा."

"ते शेवटचं वाक्य तुम्ही तालमीत कसं म्हणत होता?" इडानं विचारलं.

"म्हणतच नव्हते. आमच्यात जुनी समजूत आहे. नाटकाचं शेवटचं वाक्य प्रेक्षक येईपर्यंत उच्चारायचं नाही, नाहीतर नाटक पडतं. हल्लीची पोरं हसतात. पण मोरा या बाबतीत कट्टर. तिनं ते छापूसुद्धा दिलं नव्हतं, शेवटच्या पानावर नुसती रेघ. तालमीत मी ला-ला-ला म्हणायची, की ती अंधार करायची."

"मग तुम्हाला वाक्य कळलं कधी?"

"अकरा मार्चला, पडदा वर जायला पंचवीस मिनिटं असताना. ॲलिस्टरचा पत्ता नव्हता. मी घामाघूम, आता काय ला-ला-ला करू? मोरा आली आणि तिनं कागदाचा कपटा हातात दिला. पेन्सिलनं लिहिलेला. मला वाटलं, ॲलिस्टरनं फोनवर सांगितलं असेल."

"कपटा आहे?"

"पाठ झाल्यावर चोळामोळा करून फेकला." त्यांनी हात झटकले. "ॲलिस्टर मध्यंतरात उगवला. तेव्हा मी शिव्या द्यायच्या मूडमध्ये होते, विचारायच्या नव्हे."

*

ॲलिस्टर व्रूमच्या घरातून नदी आणि पूल दोन्ही दिसत. सत्तरी ओलांडलेला, सुती स्वेटर घातलेला, सौम्य माणूस. त्यानं वेन्डेलच्या पुस्तिकेवर न मागता सही केली.

"हाच तो पूल," तो म्हणाला. "पन्नास मिनिटं गाडी हलेना. वाक्य सुचलं आणि जवळ कागद नाही. ड्रायव्हरनं पावती दिली, तिच्यावर लिहिलं. पूल संपायच्या आत वाक्य तयार. ही गोष्ट इतक्यांदा सांगितलीय की आता मलाच कंटाळा येतो."

"मोराच्या वहीत ते कसं उतरलं होतं?"

"देव जाणे. मी ती वही जन्मात उघडली नाही. स्टेज मॅनेजरची वही उघडणारा लेखक बोटं गमावतो."

निघताना दारात त्यानं टेसच्या खांद्यावर हात ठेवला.

"तिचा फार जीव होता तुझ्यावर, पोरी. शेवटच्या पानावर तुझं नाव होतं तिच्या. एकोणीस वर्षं."

टेसच्या डोळ्यांत पाणी आलं. जिना उतरताना वेन्डेल म्हणाला, "भला माणूस. हेक्टरचं काय वाटतं तुला? खुर्ची मिळाली की माणूस बदलतो."

"सोमवारी सगळ्यांना थिएटरात बोलव," इडा म्हणाली. "दुपारी. त्या दिवशी प्रयोग नसतो."

*

सोमवारी रंगमंच रिकामा होता. मधोमध एका उभ्या दांड्यावर उघडा बल्ब जळत होता. थिएटर रिकामं असताना तो कधी विझवत नाहीत. पाच खुर्च्या मांडल्या होत्या. इडा उभीच राहिली.

"आधी पावती," ती म्हणाली. "वेन्डेल, पावती मीटरमधनं केव्हा निघते?"

"प्रवास संपला की. सांगितलं की मी."

"पुलावर मधेच निघेल?"

"मीटर चालू असताना? कशी निघेल?" वेन्डेल बोलता बोलता थांबला. त्यानं व्रूमकडे पाहिलं, मग हातातल्या पुस्तिकेकडे.

"मिस्टर व्रूमनी पूल संपायच्या आत त्या पावतीवर लिहिणं शक्य नाही. त्यावर लिहिलं गेलं ते उतरल्यावर. आणि ते उतरले मध्यंतरात, ल्युसिलबाईंच्या हातात कपटा पडल्यानंतर. बहुधा ही घरी जातानाच्या प्रवासाची पावती आहे. पावतीच्या खालच्या कडेला वेळ असते. नेमकी तीच पुठ्ठ्याखाली आहे. आधीच्या कुणा उतारूची पावती असती, तर ती झाकायची गरज नव्हती."

व्रूमनं मांडीवरची टोपी बाजूला ठेवली.

"आता वही. सोळा वर्षं मदतनीस असलेल्या हेक्टरनंही हिला हात लावला नाही. मिस्टर व्रूम म्हणाले, मी जन्मात उघडली नाही. आणि दहा मिनिटांनी दारात म्हणाले, शेवटच्या पानावर टेसचं नाव होतं. हेक्टर, तुला हे ठाऊक होतं?"

"नाही."

"ल्युसिलबाई?"

ल्युसिलनी नकारार्थी मान हलवली. त्या व्रूमकडे बघत होत्या.

"मिस्टर व्रूम, शुक्रवारी तुम्ही वही नेलीत. मोरा होती तोवर चिंता नव्हती, ती बोलणारी नव्हती. पण संग्रहालयात गेली की वही कुणीही उघडणार."

"एक मिनिट," वेन्डेल म्हणाला. "पण वाक्य मोराचंच कशावरून? तिनं फोनवर उतरवून घेतलं असेल, ल्युसिलबाईंना वाटलं तसं."

"हे टेसनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिला स्वतःला कळलं नाही, एवढंच." इडा तिच्याकडे वळली. "तुला कांजिण्या कधी आल्या?"

"फेब्रुवारीत."

"आणि हे वाक्य अकरा मार्चच्या संध्याकाळपर्यंत या थिएटरात कुणी उच्चारलं नव्हतं, कुठं छापलं नव्हतं. तिथं रेघ होती. मग तुझी आई फेब्रुवारीत ते नाटकातून कसं आणणार?"

टेसचा हात कोटाच्या वरच्या बटणाकडे गेला.

"तिनं ते नाटकातून घरी आणलं नाही. घरातून नाटकात नेलं. लेखक आला नाही, नटी घामाघूम, पंचवीस मिनिटं उरलेली. तिनं जवळ होतं ते दिलं. 'मी आले की' च्या जागी 'पाणी आलं की' केलं. बस्स. 'ते नाटकातलं नाही' याचा अर्थ एवढाच. ते तुला म्हटलेलं होतं. आधीपासून."

मग व्रूमनं चष्मा काढून पुसला.

"वही निर्मात्यांच्या मालकीची," तो हळूच म्हणाला. "निर्मात्यांत मीही आहे. माझीच वस्तू मी कागद कापायच्या यंत्रात घातली. बोलवा हवं तर पोलिसांना. काय सांगाल त्यांना? कांजिण्या?"

"पावतीवरचा पुठ्ठा काढता येईल," हेक्टर म्हणाला.

"काढ. मी म्हणेन, आठवणीसाठी घरी जाताना पुन्हा लिहिलं. म्हातारा आहे, गोष्ट सांगताना घोटाळा झाला. लोक हसतील आणि पुढच्या वर्षीही तिकिटासाठी रांग लावतील." त्याच्या आवाजात जोर नव्हता. "मी तीन नाटकं लिहिली. दोन कुणाला आठवत नाहीत. तिसऱ्यातलं एक वाक्य आठवतं."

"तुला लाज नाही, ॲलिस्टर," ल्युसिल म्हणाल्या.

"होती. एकोणीस वर्षांत झिजली."

"पानावर काय होतं?" टेसनं विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता, वाटेवर कुणाला पत्ता विचारावा तसा. "माझं नाव, आणि?"

व्रूमनं चष्मा लावला नाही.

"ती रेघ. रेघेवर वाक्य, पेन्सिलनं. आणि खाली बारीक अक्षरात, 'टेसकडून उसनं.'"

तो उठला, टोपी घेतली आणि विंगेतून गेला. त्याला कुणी अडवलं नाही. अडवून करायचं काय, हे कुणालाच सुचलं नाही.

वेन्डेलनं खिशातून पेन काढलं आणि पुस्तिकेतलं पहिलं उत्तर खोडलं. नीट, दोनदा.

"बाहेरच्या दुकानात त्याच्या अजून चारशे प्रती आहेत," इडा म्हणाली.

"ठाऊक आहे. ही माझ्या बायकोची आहे."

ल्युसिल टेसजवळ येऊन बसल्या. "तिनं तुला का नाही सांगितलं, बाळा?"

"मी विचारलं नाही. मला वाटायचं, हिच्याकडे माझ्यासाठी काही नाही, मिळतं ते इथलं उरलंसुरलंच." टेस बल्बकडे बघत होती. "हॉस्पिटलमध्ये त्या दुपारी ती 'तू झोप' म्हणाली आणि मी तिचं ऐकलं. चार रात्रींची जागी होते. खुर्चीतच झोपले. जाग आली ती नर्सनं खांद्याला हात लावला तेव्हा."

इडानं हेक्टरला खुर्च्या उचलायला मदत केली. बल्ब तसाच ठेवून सगळे मागच्या दारानं बाहेर पडले.

गल्लीत वारा बोचरा होता. वेन्डेलनं गाडीचं मागचं दार उघडून धरलं.

"बस, पोरी. तुझ्या घरी, क्वीन्सपर्यंत, तासभर सहज लागेल. वाटेत जरा डोळे मिट. घर आलं की मी..."

तो तिथंच थांबला. इडानं दुसरीकडे मान फिरवली.

टेस आत बसली. पूल आला, गेला, रस्त्यावरचे दिवे लागले. ती सबंध वाट डोळे उघडे ठेवून बसली होती.